योगशिक्षक अभ्यासक्रम, शनिवार-रविवार, साताऱ्यात: एका निवृत्त सिस्टरचा अभिप्राय

साताऱ्यातल्या एका जुन्या ट्रस्टचा योगशिक्षक अभ्यासक्रम मी यंदा पूर्ण केला. मुदत एक वर्ष, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग, माध्यम मराठी, फी 18,000 रुपये. त्याआधी माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली. शेवटची बरीच वर्षं मी स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात होते. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या बायकांसाठी काहीतरी सुरू करावं असं मनात होतं, पण मला आसनं येतात म्हणून ती मी दुसऱ्याला शिकवू शकेन असं कधीच वाटलं नाही. म्हणून प्रवेश घेतला.

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. पुढे काही गोष्टींवर टीका आहे, आणि ती मी त्यांना लेखी दिली आहे. शिवाय असे अभ्यासक्रम आपल्याकडे गावोगाव थोड्याफार फरकाने याच पद्धतीने चालतात. तुम्ही कुठेही प्रवेश घेणार असाल तरी यातलं बरंच तुमच्या उपयोगाचं ठरेल.

माझं मत आधीच सांगते. शिकवायला शिकवण्याच्या बाबतीत हा वर्ग फार चांगला आहे. शरीरशास्त्राच्या बाबतीत कच्चा आहे. आणि एका पाहुण्या व्याख्यात्याच्या तासाला जे घडलं ते कुठल्याही योगवर्गात घडता कामा नये.

वर्ग ट्रस्टच्या शाळेच्या सभागृहात भरतो. फरशीवर जाड सतरंज्या अंथरलेल्या असतात, त्यावर आपापली मॅट टाकायची. आमच्या तुकडीत 34 जण होतो. अर्ध्याहून जास्त बायका, चार-पाच निवृत्त शिक्षक, बँकेतले दोघे, नुकतीच इंजिनिअर झालेली एक मुलगी आणि सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. सातारा जिल्ह्यात कुठल्याही वर्गात एक तरी फौजी असतोच. मला सगळे सिस्टर म्हणायचे, त्यांना सुभेदारसाहेब. मुख्य शिक्षिकेला आम्ही सगळे बाई म्हणत होतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेच्या पठडीत तयार झालेल्या, साठीच्या पुढच्या, आवाज अगदी मवाळ. पण मागच्या रांगेत कोणी श्वास अडवून धरला तर ते त्यांना पुढून दिसायचं.

पहिले दोन महिने आम्हालाच आसनं नव्याने शिकवली. शयनस्थिती (पाठीवर झोपून), विपरीत शयनस्थिती (पोटावर झोपून), बैठकस्थिती, दंडस्थिती (उभं राहून) या क्रमाने. झटका नाही, रेटणं नाही, आसनात सावकाश जायचं, थांबायचं, आणि ज्या पायऱ्यांनी गेलो त्याच पायऱ्यांनी उलट परत यायचं. पतंजलींची आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत आणि त्यातल्या दुसऱ्यातच प्रयत्न शिथिल करायला सांगितलं आहे, हे बाई दर आठवड्याला आठवून द्यायच्या. जिमची सवय असलेल्या तरुण मुलांना हे जड गेलं. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकलं की आसन आलं, अशी त्यांची समजूत होती. बाई त्यांना विचारायच्या, “पाठ कुठून वाकली ते सांग.” ती कमरेतून न वाकता वरून गोल झालेली असायची.

तिसऱ्या महिन्यापासून सराव पाठ सुरू झाले, आणि या अभ्यासक्रमाची खरी किंमत तिथे आहे. डी.एड., बी.एड. केलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. टाचणवही, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, करायची, पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी निरीक्षण लिहायचं, मग चर्चा. आधी दहा मिनिटांचा सूक्ष्म पाठ, त्यात एकच आसन. मग वीस मिनिटांचा. शेवटी पूर्वतयारीपासून शवासन आणि प्रार्थनेपर्यंत पाऊण तासाचा पूर्ण वर्ग. प्रत्येकाचा पाठ झालाच पाहिजे आणि तो बाईंच्या समोरच झाला पाहिजे, असा नियम. कोणी गैरहजर राहिलं तर पुढच्या रविवारी त्याला आधी उभं करायच्या.

आमच्यातली इंजिनिअर मुलगी अंगाने फार लवचिक. हनुमानासन, पूर्ण चक्रासन सहज करायची. तिचा पहिला पाठ भुजंगासनाचा होता. तिने आधी स्वतः सुंदर करून दाखवलं आणि मग म्हणाली, “छाती वर उचला, आणि कोपर अंगाला चिकटवा.” तोपर्यंत पंधरा माणसं हातांवर जोर देऊन कमरेत मोडली होती. बाईंनी वर्ग थांबवला नाही, पाठ पूर्ण होऊ दिला. मग फळ्यावर तिच्याकडूनच सूचनांचा क्रम लिहून घेतला. कपाळ जमिनीवर. पाय जुळलेले, चवडे मागे ताणलेले. तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना. कोपर अंगालगत. आता हनुवटी पुढे, मग मान, मग छाती, नाभी जमिनीवरच, हातांवर भार नाही. जे अवयव आधी जागेवर यायला हवेत त्यांची सूचना आधी. आणि प्रत्येक सूचनेत माप असायला हवं. ‘पायांत अंतर घ्या’ म्हटलं की कोणी वीतभर घेतं, कोणी तीन फूट. ‘एक ते दीड फूट’ म्हटलं की सगळे एकसारखे उभे राहतात.

त्या मुलीचा तिसरा पाठ साध्या ताडासनाचा होता, आणि समोर मुद्दाम आमच्यातल्या दोन जड अंगाच्या काकू बसवल्या होत्या. टाचा उचलल्या की त्यांचा तोल जायचा. तिने त्यांना भिंतीपासून हातभर अंतरावर उभं केलं, नजर समोर एका बिंदूवर ठेवायला सांगितली, टाचा अर्ध्याच उचलायला लावल्या. स्वतः एकदाही करून दाखवलं नाही. मला तो पाठ तिच्या चक्रासनापेक्षा मोठा वाटला आणि मी तो निरीक्षण वहीत तसाच लिहिला.

सुभेदारसाहेबांची अडचण वेगळी. त्यांच्या सूचना बिनचूक, क्रम बिनचूक, पण आवाज परेडचा. शवासनात त्यांनी “शरीर सैल!” म्हटलं की माणसं ताठ व्हायची. बाईंनी त्यांना सगळ्या वर्गाची शांतता ऐकवली. आधी आमच्याकडून डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं श्वासाकडे लक्ष ठेवून घेतलं, मग त्यांना त्या शांततेतच पहिलं वाक्य बोलायला सांगितलं. पुढे महिनाभर ते दर शनिवारी लवकर येऊन रिकाम्या सभागृहात बोलून बघायचे. वर्षाच्या शेवटी आमच्यापैकी बहुतेकांना शवासन त्यांच्याच आवाजात हवं असायचं.

अशा आणखी काही गोष्टी, ज्या कुठल्याही पुस्तकातून शिकता येणार नाहीत. समोर तोंड करून उभं असताना ‘उजवा हात’ म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा, म्हणजे समोरच्यांना आरशासारखं दिसतं. वर्ग घेताना आपला व्यायाम उरकून घ्यायचा नाही, कारण स्वतः पोटावर झोपलेल्या शिक्षकाला मागची रांग दिसत नाही. एक पूर्ण पाठ काहीही करून न दाखवता फक्त बोलून घ्यायचा, आणि दुसरा एकही शब्द न बोलता फक्त करून दाखवून. कोणाला हात लावून सुधारायचं असेल तर आधी विचारायचं, आणि शब्दाने भागत असेल तर हात लावायचाच नाही. पुरुष शिक्षकांना बाईंनी हे फार स्पष्ट शब्दांत सांगितलं. आमच्यासारख्या बायकांना ते ऐकून बरं वाटलं.

सगळ्यात जास्त मी शिकले ते निरीक्षणाच्या तासांत. प्रत्येकाला ट्रस्टच्या सकाळच्या नियमित वर्गात कोपऱ्यात बसून काही वर्ग नुसते पाहायचे होते. बाईंनी दिलेलं काम असं: पाच माणसं निवडा, त्यांचा श्वास पाहा आणि लिहा, पण त्यांना कळू देऊ नका. नर्सिंगला आम्हाला हेच शिकवलं होतं. रुग्णाचा श्वास मोजायचा तर त्याला सांगायचं नाही, नाडी धरून ठेवायची आणि नजर छातीवर ठेवायची, कारण श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मोठ्या माणसाचा मिनिटाला 12 ते 20 हा नेहमीचा वेग. ज्या नजरेने मी वॉर्डात दम लागलेला रुग्ण ओळखायचे, तीच नजर इथे कामाला आली. पवनमुक्तासनात एक आजोबा हसतमुख होते, शेजाऱ्यापेक्षा चांगलं करत होते, पण श्वास पूर्ण थांबलेला. ‘श्वास सोडत पुढे वाका’ ही सूचना शिक्षक स्वतःच्या श्वासाच्या लांबीने देतो, आणि वर्गात कोणाचा श्वास त्याच्या निम्मा असतो. मग मधेच अडवून धरणं आलं. हे एकदा दिसायला लागलं की शिकवण्याचा वेग आपोआप बदलतो.

तत्त्वज्ञानाचा भाग निवृत्त संस्कृत शिक्षकांकडे होता. त्यांनी पातंजल योगसूत्रांचे चारही पाद, म्हणजे भाग, नेमून दिले होते, पण खोलात शिकवले पहिले दोनच. वर्षभराच्या वेळात ते योग्यच होतं. सूत्रं आधी म्हणून घ्यायचे, मग अर्थ. पहिल्या, समाधिपादात योगाच्या वाटेवरचे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत, त्यात पहिलाच व्याधी. आणि लगेच पुढच्या सूत्रात त्यांच्यासोबत येणारी चार लक्षणं: दुःख, मनाची खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात मी हे चारही एकाच पलंगावर पाहिलेलं आहे. सरांना तसं सांगितल्यावर त्यांनी पुढचा अर्धा तास मलाच बोलायला लावलं, आणि तुकडीतल्या लोकांनी स्वतःच्या घरच्या आजारपणातल्या गोष्टी सांगितल्या. सूत्रं पाठ करायचा कंटाळा करणारी माणसंही त्या दिवसानंतर वही घेऊन बसली.

हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतून निवडक भाग होता. एकीत 15 आसनं, दुसरीत 32, एवढं परीक्षेपुरतं सगळ्यांनी पाठ केलं. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. टीव्हीवर पाहून घरोघरी ज्याला ‘कपालभाती प्राणायाम’ म्हणतात ती हठप्रदीपिकेत प्राणायामात नाहीच, धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौलीच्या पंगतीत शुद्धिक्रिया म्हणून आहे. आणि त्याच ग्रंथात म्हटलंय की मेद आणि कफ ज्याचा वाढलेला आहे त्याने आधी या सहा क्रिया कराव्यात, इतरांनी करण्याची गरज नाही. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असंही त्यात स्पष्ट आहे. सकाळी बागेत रक्तदाबाच्या, हर्नियाच्या, नुकत्याच पोटाच्या ऑपरेशनच्या लोकांकडून कपालभातीचे शेकडो ठोके मारून घेणाऱ्यांनी हे वाचलेलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या बाई गर्भवतींना, हृदयविकार आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना, फेफरं येणाऱ्यांना ती क्रिया देत नाहीत, आणि का देत नाहीत हेही वर्गासमोर सांगतात.

इतिहास थोडक्यात आटोपला, पण साताऱ्याचं म्हणून जे आहे ते चांगलं सांगितलं. सूर्यनमस्कार घरोघरी आणि शाळाशाळांत नेणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या, आज बहुतेक वर्गांत बारा घेतात. तुकडीतल्या एका गुरुजींनी शाळेत शिकलेले दहा अंकांचे नमस्कार घालून दाखवले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, क्ष-किरणांच्या आणि दाब मोजण्याच्या उपकरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रियांत पोटात काय होतं ते तपासलं, मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो हे दाखवलं आणि त्या निर्वात अवस्थेला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. योगाबद्दल बोलायचं तर मोजून बोलावं, ही शिस्त महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने घालून दिली. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि म्हणूनच आता जे सांगणार आहे त्याचा राग आला.

शरीरशास्त्राचे तास बाहेरून येणारे एक सर घ्यायचे. पडद्यावर चित्रं लावायची आणि वाचून दाखवायचं. अस्थिसंस्था, स्नायुसंस्था, श्वसनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, एकामागोमाग एक. हाडांची नावं लिहून घेतली, पण गुडघा कोणत्या दिशेने वाकतो आणि कोणत्या दिशेने वळवला तर दुखावतो, मणक्यांमधली चकती पुढे वाकताना मागे का ढकलली जाते, हे आलंच नाही. योगशिक्षकाला तेच हवं असतं. पन्नाशीपुढच्या बायकांचे वर्ग बहुतेकांना घ्यायचे आहेत. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात, अशा बाईला पाठ गोल करून जोरात पुढे वाकवलं तर मणका दबून मोडू शकतो, हे एकदाही सांगितलं गेलं नाही. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन, सर्वांगासन नको, कारण डोक्यावर उलटं झाल्यावर डोळ्यातला दाब वाढतो. हे बाईंनी आसनाच्या तासाला सांगितलं म्हणून तुकडीला कळलं.

जलनेतीच्या, म्हणजे पाण्याने नाक धुण्याच्या क्रियेच्या, दिवशीही मला बोलावं लागलं. पात्रं स्वच्छ होती, मान किती कलती करायची, तोंडाने श्वास घ्यायचा, नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने कोरड्या करायच्या, सगळं नीट शिकवलं. पण पाणी थेट नळाचं, नुसतं कोमट केलेलं, आणि मीठ ‘चिमूटभर’. नाकात घालायचं पाणी उकळून मग कोमट केलेलंच असावं. न उकळलेल्या पाण्यातून क्वचित का होईना, मेंदूपर्यंत जाणारा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. मिठाचं प्रमाणही अंदाजाने ठेवायचं नाही. आम्ही सलाईन लावतो ते 0.9 टक्के, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या पात्राला साडेचार ग्रॅम, चहाचा सपाट चमचा, तोही पूर्ण भरलेला नको. एवढं असलं की नाकाला झोंबत नाही. संस्थेने हे लगेच ऐकलं. पुढच्या तुकडीसाठी उकळलेल्या पाण्याचं पिंप आणि मापाचा चमचा ठेवला आहे, आणि मी तो जाऊन पाहिला.

आता तो पाहुण्यांचा तास. विषय होता जीवनशैलीचे आजार. व्याख्यात्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मधुमेह मुळापासून बरा. मग म्हणाले, तुमच्याकडे येणाऱ्यांना गोळ्या हळूहळू बंद करायला सांगा, शरीराला सवय लागलेली असते. समोर 33 माणसं हे वहीत उतरवून घेत होती आणि त्यातली बरीच उद्या कुठल्या ना कुठल्या कॉलनीत वर्ग सुरू करणार होती. मी उठून सांगितलं की गोळी कमी करायची की नाही हे फक्त डॉक्टर ठरवतात, रक्त तपासून ठरवतात, आणि मी इन्सुलिन सोडून बेशुद्ध होऊन आलेल्या बायका वॉर्डात घेतलेल्या आहेत. त्यांना ते आवडलं नाही. तास संपेपर्यंत ते आपल्याच मुद्द्यावर राहिले.

बाई त्या दिवशी नव्हत्या. त्यांना कळल्यावर पुढच्या रविवारचा आसनांचा तास त्यांनी बाजूला ठेवला आणि योगशिक्षकाने काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही यावर पूर्ण सकाळ घेतली. ताण कमी होतो, झोप सुधारते, सांधे हलते राहतात, साखरेवर आणि रक्तदाबावर नियंत्रण ठेवायला औषध आणि आहाराच्या जोडीने मदत होते, इतकं आपण म्हणू शकतो. ‘बरं करतो’ म्हणायचं नाही. प्रवेश अर्जावर आजार, ऑपरेशनं आणि चालू औषधं लिहून घ्यायची. नवं दुखणं सांगितलं की आधी डॉक्टरांकडे पाठवायचं. मला त्यांनी मधुमेहाच्या रुग्णाला वर्गात काय होऊ शकतं ते सांगायला सांगितलं. योग रिकाम्या पोटी करायचा हा आपला नियम, पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर त्यात एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असला तर लगेच साखर द्यायची. शिक्षकाच्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा असलाच पाहिजे. ही सकाळ या अभ्यासक्रमातली सर्वांत उपयोगी सकाळ होती, आणि ती वेळापत्रकात नव्हती. ती असायला हवी.

प्रथमोपचाराचा एकही तास नाही. कोणी छातीत कळ येऊन पडलं तर छाती दाबून हृदय चालू कसं ठेवायचं, मदत कशी बोलवायची, हे शिकल्याशिवाय कोणाला योगशिक्षकाचं प्रमाणपत्र देऊच नये, असं मला वाटतं. मी विनामूल्य शिकवायची तयारी लेखी कळवली आहे.

लेखी परीक्षा सोपी होती. प्रात्यक्षिक परीक्षा मात्र चांगली कसून घेतली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी आसनं थोडी करून घेतली आणि प्रश्न जास्त विचारले. गुडघ्याचा सांधा बदललेली बाई आली तर वज्रासनाऐवजी काय द्याल? पंचवीस जणांत एक जण अजिबात ऐकू न येणारा असेल तर त्याला कुठे बसवाल? शवासनात कोणी रडू लागलं तर? शेवटच्या प्रश्नाला सुभेदारसाहेबांनी उत्तर दिलं, “काही करणार नाही, वर्ग चालू ठेवीन, मग एकटे असताना विचारीन.” परीक्षकांनी मान डोलावली.

माझ्या भाचीने ऋषिकेशला राहून महिनाभरात 200 तासांचा अभ्यासक्रम केला होता. तो अमेरिकेतल्या योगा अलायन्स या योगशिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंदवता येतो, परदेशी जाणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, आणि तिथली रोजची शिस्त तिला मानवली. पण तिला दुसऱ्यांना शिकवून बघायची संधी शेवटच्या आठवड्यातच मिळाली, तीही एकमेकांवरच. वर्षभर शनिवार-रविवार करण्याचा मोठा फायदा हा की एका पाठातली सूचना ऐकून आपण आठवडाभर घरच्या माणसांवर, शेजारणींवर ती वापरून पाहतो आणि पुढच्या शनिवारी प्रश्न घेऊन येतो. शिवाय ट्रस्टच्या सकाळच्या वर्गात समोर खरी माणसं मिळतात, गुडघेदुखीची, वयस्कर, उशिरा येणारी, मधेच उठून जाणारी. 21 जूनला, योगदिनी, आयुष मंत्रालयाचा 45 मिनिटांचा सामायिक कार्यक्रम घ्यायला आम्हाला एका तालुक्याच्या शाळेत नेलं होतं. मैदानभर पोरं, माइक बंद पडलेला. इंजिनिअर मुलीने चार वर्गांच्या मॉनिटरना पुढे उभं करून त्यांच्याकडून सूचना पुढे पोचवल्या आणि कार्यक्रम पार पाडला.

प्रवेश घेण्याआधी कार्यालयात काय विचारावं? सराव पाठ प्रत्येकाला किती मिळतात आणि ते कोण पाहतं, हे पहिलं. तुकडीत किती जण घेता, हे दुसरं. आमच्या 34 जणांत शेवटच्या काही पाठांना बाईंना वेळ कमी पडला, पंचवीसच्या वर घेऊ नयेत. शरीरशास्त्र कोण शिकवतं ते विचारा, आणि शक्य असेल तर त्यांच्या एका तासाला बसू द्या म्हणा. नियमित वर्गात निरीक्षणाला बसता येतं का, तेही विचारा.

आणि प्रमाणपत्राबद्दल नीट विचारा. आमच्या कार्यालयात प्रवेशाच्या वेळी ‘सरकारमान्य’ हा शब्द मोघम वापरला गेला आणि काही जणांचा गैरसमज वर्षभर राहिला. संस्थेचं प्रमाणपत्र वेगळं आणि आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं वेगळं. मंडळाची परीक्षा ऐच्छिक आहे, तिच्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी असते, आणि तिथे योग प्रोटोकॉल प्रशिक्षकापासून पुढे पायऱ्या आहेत. खासगी वर्ग घ्यायला कायद्याने ते प्रमाणपत्र लागत नाही, पण शाळेत किंवा सरकारी आरोग्य केंद्रात कामासाठी अर्ज करायचा असेल तर जाहिरातीत कोणती पात्रता मागितली आहे ते आधी वाचा आणि मग कुठे पैसे भरायचे ते ठरवा. आमच्या तुकडीतल्या सात जणांनी मंडळाच्या परीक्षेचा अर्ज आता स्वतंत्रपणे भरला आहे, आणि त्यांचा सराव बाई रविवारी वर्ग सुटल्यावर वेगळी फी न घेता करून घेत आहेत.